मार्स२४ मध्ये दुपारचे बारा, पण सूर्य डोक्यावर नाही. नक्की कुठलं घड्याळ धरायचं?

धूळवाट
नमस्कार मंडळी. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या रॉ इमेजेस (कच्चे फोटो) बघायचा मला फार नाद आहे, रोज नवीन काय आलंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्या प्रत्येक फोटोखाली सोल (म्हणजे मंगळाचा दिवस) नंबर आणि लोकल मीन सोलर टाइम दिलेला असतो, तो बघून मी नासाच्या गिस संस्थेचं मार्स२४ हे मंगळाची वेळ दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं, म्हणजे तिथे आत्ता दिवस आहे की रात्र, सूर्य किती वर आहे ते डेस्कटॉपवर कायम दिसत राहील. सॉफ्टवेअर मस्त आहे, नकाशावर उजेड-अंधाराची रेघ सरकताना बघत बसावंसं वाटतं.

पण एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. रोव्हर उतरल्यानंतरच्या पहिल्या काही सोलचे फोटो घेतले, बरोबर बाराच्या आसपासचे, आणि मार्स२४ मध्ये तीच वेळ सेट करून रोव्हर उतरला त्या जेझेरो विवरावरचा सूर्य बघितला. माझी अपेक्षा अशी की बारा वाजता सूर्य माथ्याच्या रेषेवर आणि सावली सरळ उत्तरेला. प्रत्यक्षात आकृतीत सूर्य अजून पूर्वेकडेच आहे आणि फोटोतली सावलीही चांगलीच पश्चिमेकडे झुकलेली. शिवाय सेटिंग बदललं की त्याच क्षणाला एक घड्याळ १२ दाखवतं आणि दुसरं ११:२२ च्या जवळपास. ३८ मिनिटांचा फरक! पृथ्वीवर असं काही होत नाही ना? मग हा सॉफ्टवेअरचा घोळ आहे का माझ्या काँप्युटरवरच्या जावाचा, की मलाच काहीतरी मुळातून समजलेलं नाही?

आणि दुसरं, मला शेवटी हवंय काय तर एखाद्या दिवशी एखाद्या ठिकाणी उजेड कसा असेल याचा अंदाज. त्यासाठी कुठलं घड्याळ धरू?

सावलीमापक
घोळ कुठेच नाहीये, सॉफ्टवेअर बरोबर आहे आणि फोटोसुद्धा. दोन्ही घड्याळं खरी आहेत, फक्त दोघांचं काम वेगळं आहे. हा विषय माझ्या फार आवडीचा, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मंगळाचा दिवस म्हणजे सोल हा आपल्या घड्याळाने सरासरी २४ तास ३९ मिनिटं ३५.२४४ सेकंदांचा. यातला 'सरासरी' शब्द महत्त्वाचा. त्या सरासरी सोलचे सारखे २४ तास पाडले की मीन सोलर टाइम मिळतो, म्हणजे तुमच्या फोटोखालचा एलएमएसटी. (तिथला एक तास आपल्या ६१ मिनिटं ३९ सेकंदांचा पडतो, सेकंदही तेवढ्याच प्रमाणात लांब.) हे घड्याळ एकसारख्या गतीने चालतं आणि सूर्य आकाशात नक्की कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरं घड्याळ ट्रू सोलर टाइम, एलटीएसटी. ते थेट सूर्याचं. सूर्य मध्यान्हरेषेवर आला की बारा, मग मीन घड्याळ काहीही म्हणो.

आता दोघांत फरक का पडतो. मंगळाची कक्षा बऱ्यापैकी लांबट आहे, विकेंद्रता ०.०९३४, पृथ्वीची फक्त ०.०१६७. सूर्याजवळ असताना मंगळ सेकंदाला साधारण २६.५ किलोमीटर पळतो आणि लांब असताना २२ च्या आसपास. सूर्याभोवतीची चाल अशी कमीजास्त झाली की एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा वेळही थोडा थोडा बदलतो, रोजचा फरक एवढासाच असतो पण महिनोन्महिने एकाच दिशेने साठत जातो. त्यात आस २५.२ अंश कललेला आहे, त्याचाही भाग मिसळतो. पृथ्वीवर असं होत नाही असं तुम्ही म्हणालात, तर होतं, फक्त साठून साठून तो फरक १४ ते १६ मिनिटांपर्यंतच जातो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मंगळावर एका टोकाला खरा सूर्य मीन घड्याळाच्या ५१ मिनिटं मागे आणि दुसऱ्या टोकाला ४० मिनिटं पुढे. म्हणजे खरं मध्यान्ह वर्षातून कधी एलएमएसटीच्या १२:५१ ला तर कधी ११:२० ला.

वर्षात आपण कुठे आहोत ते सांगायला तिथे महिने नाहीत, एलएस वापरतात, म्हणजे सूर्याचं रेखांशस्थान अंशांमध्ये. ० म्हणजे उत्तर गोलार्धातल्या वसंताची सुरुवात, ९० उन्हाळ्याची, १८० शरदाची, २७० हिवाळ्याची. मंगळ सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो एलएस २५१ ला. पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरला तेव्हा एलएस ५ च्या आसपास होता, आणि त्या वेळी दोन घड्याळांतला फरक बरोबर तुम्हाला मिळाला तेवढाच, ३८ मिनिटं. ५१ चं टोक एलएस ३३० जवळ येऊन गेलेलं होतं आणि अंतर कमी होत चाललेलं होतं.

सावलीचंही गणित जुळतं बघा. ३८ मिनिटं म्हणजे साडेनऊ अंश, तेवढा सूर्य अजून मध्यान्हरेषेच्या पूर्वेला. जेझेरो १८.४ उत्तर अक्षांशावर, सूर्य तेव्हा मंगळाच्या विषुववृत्ताच्या जेमतेम २ अंश वर, म्हणजे माथ्यापासून १६ अंशच दक्षिणेला. सूर्य इतका उंच असला की थोडासा पूर्वेकडे असला तरी दिशा खूप फिरते, त्यामुळे सावली उत्तरेपासून जवळजवळ ३० अंश पश्चिमेकडे वळते. फोटोत तुमच्या डोळ्याला खटकलं ते म्हणूनच, आणि खरंच छान निरीक्षण आहे.

तर उजेड, सावली, सूर्याची उंची यासाठी एलटीएसटी धरा. मी तर म्हणेन एलएमएसटीकडे बघूच नका.

किरणकोन
वरचं सगळं पटलं पण शेवटचं वाक्य नाही. एलएमएसटीकडे बघायलाच लागतं, कारण अलीकडच्या मोहिमांचं कामकाज त्यावरच चालतं. फोटोवर तीच वेळ, रोव्हरचा दिवसभराचा प्लॅन त्याच वेळेत. शिवाय मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरसारखी यानं सूर्याशी जुळवलेल्या कक्षेत फिरतात, दिवसाच्या बाजूला हे ऑर्बिटर दर फेरीत दुपारी साधारण तीनला खालून जाणारी जमीन बघतं, आणि ते तीनही मीन वेळेचे. म्हणून वर्षभरात त्याच्या फोटोतला सूर्य खऱ्या वेळेने मागेपुढे होत राहतो. फक्त एलटीएसटी धरून बसलात तर या गोष्टी कधी जुळणारच नाहीत. दोन्ही उघडी ठेवा, फोटो शोधायला मीन आणि सूर्य शोधायला ट्रू.

आता उजेडाबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच आहे आणि तो घड्याळाने सुटत नाही. मार्स२४ मध्ये आकाशातला सूर्याचा मार्ग दाखवणारी जी आकृती आहे ती उघडा, जेझेरो निवडा, आणि तारीख पुढे पुढे नेत जा. वसंताच्या सुरुवातीला सूर्य दुपारी दक्षिणेला, मग रोज थोडा वर, एलएस ४८ च्या सुमाराला बरोबर माथ्यावर, आणि त्यानंतर चक्क उत्तरेला! एलएस ९० ला दुपारी सूर्य माथ्याच्या सुमारे ७ अंश उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. एलएस १३२ जवळ परत माथ्यावर येऊन तो दक्षिणेला उतरतो. क्युरिऑसिटी रोव्हर ज्या गेल विवरात आहे ते विषुववृत्ताच्या ४.६ अंश दक्षिणेला, तिथे माथ्यावरचे दिवस एलएस १९१ आणि ३४९ जवळ येतात. फीनिक्स यान तर ६८ अंश उत्तरेला होतं, २००८ च्या मे मध्ये उतरलं तेव्हा तिथे सूर्य मावळतच नव्हता आणि एलएस १२० च्या आसपासपर्यंत तसाच राहिला. त्याचं ठिकाण निवडून मे ते नोव्हेंबर २००८ फिरवून बघा, सूर्याचा रस्ता हळूहळू क्षितिजाखाली जातो आणि यान शेवटी का बंद पडलं ते न सांगता कळतं. मला या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात आवडती गोष्ट हीच, गेलेल्या मोहिमांचं आकाश परत उघडता येतं.

पण उंची म्हणजे उजेड नव्हे. दोन गोष्टी स्वतः मनात धरायला लागतात. एक, सूर्यापासूनचं अंतर. जवळ असताना १.३८ खगोलीय एकक (पृथ्वीचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर म्हणजे १), लांब असताना १.६७, त्यामुळे वातावरणाच्या वर पोचणारा प्रकाश चौरस मीटरला साधारण ७१४ वॉट ते ४९० वॉट असा बदलतो. पृथ्वीपाशी १३६१. म्हणजे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात सूर्य उंच असतो तेव्हाच मंगळ लांब असतो, आणि दक्षिणेत उन्हाळा आणि जवळीक दोन्ही एकदम.

दुसरी गोष्ट धूळ, आणि ती सगळं गणित मोडते. हवेतल्या धुळीचं माप टाऊ म्हणून देतात. टाऊ ०.५ असेल आणि सूर्य माथ्यावर असेल तर थेट किरणांतला ६० टक्क्यांच्या आसपास भाग खाली येतो, १ असेल तर ३७ टक्के, सूर्य खाली असेल तर अजून कमी कारण किरण तिरके येतात आणि जास्त हवेतून जातात. विखुरलेला उजेड वेगळा मिळतो, म्हणून अगदी अंधार होत नाही. पण २०१८ च्या जूनमध्ये जे जागतिक वादळ झालं त्यात ऑपॉर्च्युनिटी रोव्हरपाशी टाऊ १०.८ ला गेला, १० जूनला, तिच्या ५१११ व्या सोलला, शेवटचा संपर्क झाला आणि त्या दिवशी पॅनेलवर फक्त २२ वॉट-तास तयार झाले होते. घड्याळाच्या आणि भूमितीच्या हिशोबाने तिथे त्या दिवशी छान सूर्य होता. सौर पॅनेलवर चालणाऱ्या कुठल्याही यानाबद्दल वाचताना हे विसरू नका, इनसाइटसुद्धा पॅनेलवर धूळ बसत गेली म्हणूनच २०२२ च्या डिसेंबरमध्ये संपलं.

अजून एक छोटं, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा सपाट क्षितिज धरून काढलेल्या असतात. गेलमध्ये एका बाजूला पाच किलोमीटर उंचीचा माउंट शार्प आणि सगळीकडून विवराची कड, तिथे सूर्य दिसायला प्रत्यक्षात उशीर होणारच.

गणकवही
मी थोडं हिशोबाचं लिहितो, कारण मार्स२४ च्या मागची पद्धत उघड आहे (ॲलिसन आणि मॅकइवन यांचा २००० सालचा पेपर) आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये बसते. स्वतः एकदा मांडली की आकडे परके वाटत नाहीत, असा माझा अनुभव आहे, म्हणून प्रत्येकाने एकदा तरी करावीच.

मंगळाचा सोल-दिनांक म्हणून एक सलग मोजणी आहे, २९ डिसेंबर १८७३ पासूनची. ज्युलियन तारीख (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) घ्या, पण ती टेरेस्ट्रियल टाइममधली (लीप सेकंद न धरता एकसारख्या चालणाऱ्या वेळेतली), त्यातून २४५१५४९.५ वजा करा, १.०२७४९१२५१७ ने भागा, ४४७९६ मिळवा आणि ०.०००९६२६ वजा करा. उत्तराचा दशांश भाग गुणिले २४ म्हणजे मंगळाच्या शून्य रेखांशावरची मीन वेळ, एमटीसी. शून्य रेखांश जातो एअरी-० नावाच्या छोट्या विवरातून. मग तुमच्या ठिकाणाचा पूर्व रेखांश भागिले १५ एवढे तास मिळवले की झाला एलएमएसटी. जेझेरो ७७.४५ पूर्व, म्हणजे साधारण ५ तास १० मिनिटं.

तपासायला आकडा: ६ जानेवारी २०००, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र. सोल-दिनांक ४४७९५.९९९७६, एमटीसी २३:५९:३९, एलएस २७७.१९. एवढं जुळलं की पुढचं जुळतं.

चुकतं कुठे तर दोन जागी. पहिली, यूटीसी थेट टाकलं जातं. टेरेस्ट्रियल टाइम यूटीसीच्या पुढे आहे, २०१७ च्या १ जानेवारीपासून ६९.१८४ सेकंदांनी, त्याआधीच्या तारखांना लीप सेकंदांप्रमाणे कमी. तुमच्या आणि मार्स२४ च्या वेळेत सव्वा मिनिटाच्या आतबाहेरचा कायमचा फरक दिसला तर आधी हे बघा. दुसरी जागा म्हणजे रेखांशाची दिशा. जुन्या नकाशांत आणि पुस्तकांत पश्चिम रेखांश असतात, नव्यांत पूर्व, जेझेरो जुन्या पद्धतीत २८२.५ पश्चिम होतं. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग आहे, ते कुठल्या बाजूला आहे ते बघूनच स्वतःचं ठिकाण टाका, नाहीतर उजेडाऐवजी मध्यरात्र मिळेल.

मीनवरून ट्रू वेळ काढायची तर अजून दोन ओळी लागतात. खऱ्या आणि सरासरी स्थानातला फरक काढायचा, त्यातलं मुख्य पद १०.६९१ गुणिले साइन ऑफ मीन ॲनोमली (मंगळ एकसारख्या गतीने फिरला असता तर सूर्याजवळच्या बिंदूपासून जितके अंश पुढे असता ते), पुढची पदं लहान आहेत पण पहिली दोन-तीन तरी घ्या. मग २.८६१ गुणिले साइन दोन एलएस, त्यातून तो फरक वजा. उत्तर अंशांत येतं, गुणिले ४ केलं की मिनिटं. सावलीमापक यांनी सांगितलेले ५१ आणि ४० इथूनच बाहेर पडताना बघायला मजा येते.

धूळवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सावलीचे ३० अंश वाचल्यावर परत जाऊन फोटो बघितला, तेवढीच झुकलेली आहे!! आता कळलं की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत होतो.

अजून एक शंका राहिली. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीचे जुने फोटो मार्स२४ शी ताडून बघायला घेतले तर तिथे मोहिमेची वेळ ना मीनशी जुळते ना ट्रूशी, आणि सोल नंबरही मी मोजतो त्यापेक्षा एकाने वेगळा येतो. रोव्हर पुढे सरकला की वेळ बदलते का, त्यामुळे होतंय का हे?

सावलीमापक
रोव्हर सरकल्यामुळे नाही. मोहिमेचं घड्याळ उतरण्याच्या जागेला बांधलेलं असतं आणि शेवटपर्यंत तसंच ठेवतात. विषुववृत्तापाशी एक अंश रेखांश म्हणजे ५९ किलोमीटर आणि ४ मिनिटं, त्यामुळे ३० किलोमीटर सरळ पूर्वेला गेलात तरी खऱ्या जागेच्या वेळेत दोनच मिनिटांचा फरक येईल.

२००४ च्या त्या दोन रोव्हर्सची घड्याळं मिश्र पद्धतीची होती. चालायची मीन वेळेसारखी एकसारखी, पण सुरुवातीचा फरक असा ठरवला होता की ९० सोलच्या मूळ मोहिमेत ती खऱ्या सूर्याच्या जवळ राहावीत. मोहीम वर्षानुवर्षं लांबली, घड्याळ तेच राहिलं. त्या फोटोंसाठी मार्स२४ मध्ये मोहिमेची वेळ निवडा, म्हणजे स्वतः बेरीज-वजाबाकी करावी लागणार नाही. आणि सोल नंबरचं म्हणाल तर त्या दोघांनी आणि पाथफाइंडरने उतरल्याचा दिवस सोल १ धरला. व्हायकिंग, फीनिक्स, क्युरिऑसिटी, इनसाइट, पर्सिव्हरन्स यांनी सोल ०. म्हणून एकाचा फरक.

किरणकोन यांचं म्हणणं मान्य, फोटो शोधताना एलएमएसटी लागतोच.

तिसराग्रह
मध्येच विचारतो, हे टाकायला जावा लागतंच का? आणि याच्याशिवाय दुसरं काही आहे का, मला नकाशापेक्षा आकाश बघायला आवडेल.

गणकवही
हो, जावावरच चालतं, त्याचा फायदा हा की विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर तेच. उघडलं नाही तर आधी जावा नवीन करून बघा. आकाश बघायचं असेल तर स्टेलॅरियममध्ये ठिकाण म्हणून मंगळ निवडता येतो, पण मोहिमांची घड्याळं आणि एलएस एकाच जागी हवं असेल तर मार्स२४ च सोयीचं. अगदी काटेकोर आकडे हवेत तर नासाच्या जेपीएल संस्थेची होरायझन्स सेवा, पण ती तक्ता देते, चित्र नाही.

किरणकोन
धूळवाट, तुम्हाला एक प्रयोग सुचवते, सगळं एकत्र येईल. मंगळवर्षांची मोजणी ११ एप्रिल १९५५ पासून धरतात, त्यातलं ३९ वं वर्ष ३० सप्टेंबर २०२६ ला सुरू होतं. त्यानंतर साधारण १०३ दिवसांनी, म्हणजे जानेवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, एलएस ४८ येतो आणि जेझेरोवर सूर्य माथ्यावर. त्या वेळी दोन घड्याळांतला फरक फक्त सहा-साडेसहा मिनिटं उरलेला असतो. तारीख मार्स२४ मध्ये सेट करून मध्यान्ह काढा, एलएमएसटी १२:०६ च्या जवळ यायला हवा. मग त्या दिवसांतल्या दुपारच्या रॉ इमेजेस मिळाल्या तर मास्टची (रोव्हरवरच्या कॅमेऱ्याच्या खांबाची) सावली शोधा, आणि तारीख दहा-बारा सोल मागेपुढे करून ती उत्तरेची दक्षिणेला कधी जाते ते इथे लिहा.

धूळवाट
नक्की लिहितो. स्प्रेडशीट आजच करायला घेतो, ६ जानेवारी २००० चा आकडा जुळला की कळवतो.